रेडकांनी खाल्लं, वासरांनी नाही

पशुसंशोधन केंद्राच्या गोठ्यावरच्या बाईला सगळे मावशीच म्हणत. बावीस वर्षं शेणात हात घालून आपल्याला आता कशाचीच किळस उरली नाही, असं तिला वाटायचं. केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी जनावरांसाठी नवा खुराक आणला आणि पहिल्याच सकाळी तिचा तो समज खोटा ठरला.

खुराक म्हणजे कोंबड्यांच्या शेडमधून खरवडलेली घाण. विष्ठा, भुसा, पिसं, मधूनच एखादा वाळका पंजा. त्यावर उसाची मळी ओतायची आणि दोन्ही हातांनी कालवायचं. डोळे झोंबत, घशाशी आंबट पाणी येई. नखांत शिरलेला वास साबणानेही जाईना. घरी धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण कणीक आता मीच मळते." मावशीने राग मानला नाही. ती स्वतःच चमच्याने जेवायला लागली होती.

सहा रेडकं, सहा वासरं. बाराही जणांना एकच खुराक आणि दर सोमवारी काट्यावर वजन. म्हशीची पोरं जास्त वाढतात की गाईची, ते साहेबांना पाहायचं होतं. रेडकांनी दोन दिवस नाकं मुरडली, तिसऱ्या दिवशी गव्हाण चाटूनपुसून साफ केली. महिन्याभरात त्यांच्या पाठी भरल्या. वासरं मात्र हुंगत, फुरफुरत आणि मागे सरत.

"साहेब, यांना मूठभर हिरवा चारा टाकू का?"

"अजिबात नाही. भूक लागली की झक मारून खातील."

त्यांनी जगण्यापुरते चार घास खाल्ले, जास्त नाही. त्यांची वजनं वाढायची सोडून उतरली. एका सकाळी तांबडं वासरू शेजारच्याच्या शेपटीचं ओलं शेण चाटताना दिसलं. मावशी कुंपण धरून भडाभडा ओकली.

तिने हे सांगितल्यावर साहेब हसले. "बघा! घाण खातातच की. नुसते नखरे!"

त्या दिवसापासून तिला खुराकापेक्षा त्या हसण्याचीच शिसारी यायला लागली.

पुढच्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून प्रयोग बघायला तिघे पाहुणे आले. वासरं मागच्या छपरात नेऊन बांधायचा हुकूम झाला. साहेब रेडकांच्या पाठी थोपटून दाखवत होते.

"या खुराकाला वास नाही येत?" एका पाहुण्याने विचारलं.

"छे! मळीमुळे राहतच नाही."

मावशीने घमेल्यातला ओला गोळा उचलला आणि साहेबांच्या नाकाशी धरला. "मग घ्या की. मागे सहा वासरं उपाशी बांधलीत, त्यांनाही जरा पटवून द्या."

साहेब दोन पावलं मागे सरले, वाकले आणि सगळ्यांदेखत सकाळचा नाश्ता बुटांवर सांडून मोकळे झाले. पाहुणे मागच्या छपराकडे निघाले.

वासरांना चारा मंजूर झाला, पण चार दिवसांनी. तोवर तांबडं वासरू गेलं होतं. मावशीची बदली गवत कापायच्या यंत्रावर झाली. खुराक कालवायला ठेवलेली दोन माणसं आठवड्याच्या आत पळाली, तेव्हा साहेब स्वतः तिच्याकडे आले.

"मावशी, झालं गेलं विसरा. या परत."

"साहेब, लांब उभे राहा," ती म्हणाली. "मला मळमळतंय."

आणि तिने यंत्रात पुढची पेंढी सरकवली.