केळीला पांघरलेले उपरणे

मी एक जुने उपरणे आहे. मित्रांनो, माझा जन्म धुळ्यातल्या यंत्रमागावर झाला. शिरपूरकडच्या हेमराज आबांनी मला बाजारातून आणले आणि खांद्यावर टाकले. केळीच्या बागेत मी त्यांचा घाम पुसला, चुंबळ होऊन घड पेलले.

त्यांची लेक पुनम तापाने फणफणली तेव्हा तिला हुडहुडी भरली होती. आबांनी मला तिच्या अंगावर घातले. ती गेली. आबांनी मला धुऊन पुन्हा खांद्यावर घेतले. पण देवापुढे हात जोडणे तेव्हापासून सोडले.

पुढे केळी उत्पादकांच्या सहलीबरोबर आबा आणि त्यांच्या पत्नी सुंदरबाई थायलंडला गेले. तिथे सकाळी लोक अनवाणी उभे राहून भिक्षूंच्या पात्रात भात वाढत. गल्लीतल्या मशिदीतून बांग ऐकू येई. दुकानदार दारातल्या चिमुकल्या देवघरापुढे उदबत्ती लावून मगच शटर उघडत. सुंदरबाई सगळीकडे हात जोडत. आबा हात पाठीमागे बांधून उभे राहत.

एका दुपारी आम्ही तिथली बाग पाहायला गेलो. कोपऱ्यात एका केळीच्या बुंध्याला रंगीत कापडे गुंडाळली होती. समोर लाल सरबताचा पेला होता. या केळीत एक मुलगी राहते, म्हणून हिला कोणी तोडत नाही, असे वाटाड्याने सांगितले. सोबतचे हसले आणि पुढे गेले.

आबांनी सवयीने बुंध्यावर तळवा ठेवला. तो तसाच राहिला. बागेत वारा नव्हता, एकही पान हलत नव्हते. या केळीची पाने मात्र थरथरत होती. माझा पदर बुंध्याला लागला आणि आतली हुडहुडी मला कळली. ती माझ्या ओळखीची होती.

"काय व्हयनं?" सुंदरबाईंनी विचारले.

"तिले थंडी वाजी ऱ्हायनी," आबा म्हणाले.

सुंदरबाईंनीही हात लावला आणि पदर तोंडाशी नेला. बागेची म्हातारी मालकीण जवळ आली. काही न विचारता तिने आबांच्या हाती पेटती उदबत्ती दिली. आबांनी ती मातीत खोवली, मला उतरवले आणि बुंध्याभोवती गुंडाळून गाठ मारली.

"ले माय, पांघरी ले."

पाने थांबली. मग आबांनी हात जोडले.

ते गेले, मी इथेच राहिले. आता उन्हापावसाने विरत चालले आहे. म्हातारी रोज येते, पेला भरते, माझी गाठ चाचपून पाहते. तिन्हीसांजेला वारा पडला की आतून कोणीतरी मला हळूच जवळ ओढून घेते.

मित्रांनो, परमुलखात झाडाला बांधलेले फाटके कापड दिसले तर हसू नका, आणि सोडू तर मुळीच नका. ते कोणाच्या तरी अंगावर असते.