करकोचे उतरायच्या आधी

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरच्या घरघराटात निम्मं आयुष्य काढलेल्या सोमनाथला आवाजाचा भारी तिटकारा. सुट्टी मिळाली की हा गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून नांदूरमधमेश्वर धरणाच्या फुगवट्यावर पाखरं बघायला जायचा आणि तिथे कुणी नुसतं खोकलं तरी डोळे वटारायचा. "सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या, या बदकांचं मी काय करू?" असं त्याची बायको स्नेहल चारचौघांत म्हणायची.

पाणी ओसरलं की फुगवट्याच्या काठची गाळाची जमीन उघडी पडते. आसपासची माणसं तिच्या ओलीवरच हरभरा, मेथी टाकतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत, दिवाळीच्या मागेपुढे, उत्तरेकडून पार हिमालय ओलांडून करकोचे येतात. त्यांना पेरलेला हरभरा भलता गोड लागतो. म्हणून त्यांना हाकलायला काठावर डबे बडवायची जुनी रीत. काठची गाळाची एक पट्टी कसणाऱ्या भागीबाईचा डबा तर नदीपलीकडे ऐकू जायचा म्हणतात. सोमनाथनं तिच्या बांधावर बसून तिला समजावलं होतं. मावशी, पाहुणे आहेत ते. दमून येतात. डबा वाजवू नका. शिकल्यासवरल्या माणसाचा शब्द म्हणून तिनं तो मानला आणि सत्याण्णव सालच्या पेरणीला डबा घरीच ठेवला. सोमनाथला कोण अभिमान! वीजकेंद्रात चहाच्या टेबलावर तो हीच गोष्ट सांगायचा.

पुढच्या वर्षी स्नेहल पहिल्यांदा त्याच्याबरोबर आली. भागीबाईच्या बांधावर तासभर चिखलाच्या वासात बसून ती कंटाळली होती, तेवढ्यात आभाळात उंच एक रेघ दिसली आणि कुर्र कुर्र असा आवाज आला.

"अगंबाई, केवढे हे!"

"हळू बोल," सोमनाथ कुजबुजला. वर्षभर याच घटकेची वाट पाहिली होती त्यानं.

करकोचे घिरट्या घालत खाली येऊ लागले. स्नेहल जरा पुढे सरकली. पायाशी हरभऱ्याचे टपोरे, फुगलेले दाणे पडले होते. तिनं सहज एक उचलला.

"ओ ताई, टाका ते! टाका म्हनते ना!" पट्टीच्या टोकाकडून भागीबाई ओरडत आली.

सोमनाथनं तोंडावर बोट ठेवलं. भागीबाईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. स्नेहलचा हात धरून तिनं तो घागरीतल्या पाण्यानं खसाखसा धुतला.

"औषध लावलंय त्याला. फवाऱ्याचं. रातभर भिजवून आज वरवर फेकलंय."

"कशाला?" सोमनाथनं विचारलं.

"कशाला म्हंजी? गेल्या साली दोन पेरण्या खाल्ल्या त्यांनी. हाकलायचं नाय, वाजवायचं नाय, मग करू काय? तुमीच सांगितलं व्हतं आवाज करू नका. म्या केला का आवाज?"

सोमनाथनं वर पाहिलं. पुढच्या करकोच्यांनी लांब पाय खाली सोडले होते. पाय सोडले की पाखरू उतरलंच म्हणून समजावं.

"डबा?"

"घरी."

तिचं घमेलं आणि खुरपं उचलून तो पट्टीत धावला. आयुष्यात कधी ओरडला नव्हता असा ओरडला, घमेलं बडवत सुटला. पाय टेकता टेकता करकोचे उधळले, वर गेले, वळले आणि परत आले. त्यांना दुसरं काय हवं होतं? थोडा चिखल, थोडं पाणी, चार दाणे. स्नेहल आणि भागीबाई वाकून दाणे वेचत होत्या, वरची माती खरवडून खड्ड्यात टाकत होत्या. आणि सोमनाथ पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता.

दुपारी एक तरणं पोर कळपातून सुटून खाली उतरलंच. घमेल्याला ते भ्यालं नाही. मान वाकवून दाणा टिपायला निघालं. सोमनाथ लांब होता. त्यानं ढेकूळ उचललं आणि नेम धरून मारलं. ढेकूळ पंखावर बसलं. पोर किंचाळलं, वेडंवाकडं उडालं आणि कसंबसं कळपात मिसळलं. सोमनाथ ढसाढसा रडला, पण घमेलं थांबवलं नाही.

दिवस कलताना शेवटचा दाणा मातीखाली गेला. करकोचे खालच्या अंगाला निघून गेले होते.

"पुढल्या साली काय करू, तेवढं सांगा भाऊ," भागीबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

पुढल्या साली त्यानं स्वतः हरभरा आणून पट्टीचा पाण्याकडचा कोपरा पाखरांसाठी पेरला आणि बांधावर श्वास रोखून बसला. करकोचे आले. एक घिरटी घातली, पाय सोडले, पुन्हा पोटाशी घेतले आणि निघून गेले. पुढच्या सुट्टीला तेच. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही तेच.

"जागेला विटले ते," सोमनाथ म्हणाला. "मी विटवलं."

भागीबाई म्हणाली, "भाऊ, राग मानू नका. उतरत्यात ते. रोज उतरत्यात. कोपऱ्यातलं खात्यात, माझ्या वाफ्याला चोचबी लावत नाय."

"मग?"

"तुमी असले म्हंजी नाय उतरत."

त्यानं दुर्बीण गळ्यातून काढली आणि स्नेहलच्या हातात दिली. ती घ्यायला तयार नव्हती. "तू बघ, मला सांग," एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून बांधावर स्नेहल बसते. सोमनाथ रस्त्यापलीकडे, उसाच्या आड, पाण्याकडे पाठ करून बसतो. कुर्र कुर्र आवाज लांबून येतो, डोक्यावर येतो, हळूहळू खाली जातो आणि थांबतो. थांबला की त्याला कळतं, उतरले.