सुधारणेची शक्यता

सलूनवाले काका दिवसभर खोटं बोलायचे. त्यात त्यांना पाप वाटत नसे, धंदाच तसला. टाळू चकाकणारं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की काका त्याच्या कानामागचे दहा-बारा केस कंगव्याने पुढे ओढणार आणि म्हणणार, "साहेब, अजून भरपूर आहेत हो, कापून कापून हात दुखला माझा!" गिऱ्हाईक खूश, काका खूश. एकतीस वर्षांत त्यांच्या खुर्चीतून कुणी पडलेल्या चेहऱ्याने उठलं नव्हतं.

पण ही सवय घेऊन माणसाने अपंगत्वाच्या तपासणीला जाऊ नये. काका गेले, आणि सगळा घोटाळा झाला.

तपासणी होती त्यांच्या मुलीची. वय चौतीस. घरात तिला भिंगरी म्हणतात. लहानपणी एका जागी पाय ठरत नसे, म्हणून आजीने ठेवलेलं नाव. शाळेत भूगोल शिकवायची, वर्गच्या वर्ग घेऊन टेकड्या पालथ्या घालायची. चार वर्षांपूर्वी तिला ताप आला. आठवड्यात गेला, पण जाताना पोरीतलं सगळं बळ घेऊन गेला. तेव्हापासून थकवा. थकवा म्हणजे तुम्हाआम्हाला कामावरून आल्यावर येतो तो नव्हे, तो झोपलं की जातो. हा झोपूनही तसाच. एक दिवस जिना उतरली की पुढचे तीन दिवस अंथरुणात. उजेड सोसत नाही, कुणाचं बोलणं सोसत नाही. रक्त तपासलं, हृदय तपासलं, मेंदूचे फोटो काढले, सगळं ठणठणीत! "रिपोर्ट उत्तम आहेत," असं डॉक्टर हसून सांगायचे, तेव्हा काकांना वाटायचं, ते रिपोर्ट टराटरा फाडावेत.

बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. काका दुकानात गेले की भिंगरी घरी एकटी. गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली आणि दुपारी काका जेवायला येईपर्यंत तशीच फरशीवर पडून राहिली. तीन तास. वर म्हणते कशी, "आत झोपण्यापेक्षा इथे शांत होतं." दाखला मिळाला तर भत्ता सुरू होणार होता आणि दिवसभर मदतीला एक बाई येणार होती. काकांना भत्त्याचं एवढं नव्हतं. त्यांना ती बाई हवी होती. स्वतः पासष्टीला टेकलेले. उद्या आपलं काही झालं तर हिला पाण्याचा पेला कोण देणार, या एका विचाराने त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

आणि तरीही पहिल्या तपासणीत त्यांनी माती खाल्ली. तिथले डॉक्टर भिंगरीला म्हणाले, "हात वर करा." तिने केले. त्यांनी लिहून घेतलं. पुढचा प्रश्न विचारला तर तिला उत्तर जुळवायला वेळ लागला. ती शब्द शोधतेय आणि परका माणूस घड्याळ बघतोय, हे काकांना बघवेना. मग काय, सुटली त्यांची गाडी.

"घरकाम जमतं का?"

"करते की! भाजी चिरते." महिन्यातून एकदा, बसून, अर्धा कांदा. हे नाही सांगितलं.

"अंघोळ, केस विंचरणं?"

"अहो, केस बघा ना तिचे! असा कट अख्ख्या शहरात नाही दिसायचा तुम्हाला!"

तो कट त्यांनीच केलेला. धुतलेलेही त्यांनीच, विंचरलेलेही त्यांनीच. पण एवढ्या मोठ्या, शिकलेल्या मुलीचं डोकं मी धुतो, असं तिच्या देखत परक्या पुरुषाला सांगायला त्यांची जीभ रेटेना. बापच तो.

नकाराचं पत्र आलं. 'वडिलांनी दिलेल्या माहितीवरून अर्जदार दैनंदिन कामे स्वतः करू शकते.' भिंगरीने ते पडल्या पडल्या वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"बाबा, आपण दाखला मागायला गेलो होतो की नोकरी?"

काकांना हसावं की रडावं कळेना. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

फेरतपासणी एकदाच मिळत होती. ती म्हणाली, "या वेळी मी बोलणार नाही. बोलण्यात ताकद गेली तर घरी परत येता यायचं नाही मला. तुम्ही बोला. खरं खरं, आणि वाईट दिवसाचं बोला." काकांनी दुकान बंद करून आरशासमोर तयारी केली. रिकाम्या खुर्चीला त्यांनी चारदा सगळं सांगितलं, आणि चारही वेळा मध्येच थांबून खुर्ची पुसायला घेतली.

या वेळी डॉक्टरीणबाई होत्या, काकांच्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. शेजारी एक कारकून. भिंगरी तीन खुर्च्या जोडून आडवी झाली, काळा चष्मा लावून, भिंतीकडे तोंड करून.

"हात वर जातो," काकांनी सुरुवात केली. "एकदा जातो. मागच्या वेळी इथे वर केला तर चार दिवस चमचा धरवला नाही तिला. आमच्या धंद्यात हात वर धरूनच उभं राहावं लागतं, म्हणून मला कळतं हो, हात नुसता वर जाणं वेगळं आणि तिथे टिकणं वेगळं. डोकं मी धुतो. दर रविवारी. खाटेच्या कडेला मान घेतो, खाली बादली ठेवतो. केस कमरेपर्यंत होते. भार सोसेना म्हणून तीच म्हणाली, बाबा, कापून टाका. कापले. जन्मभर लोकांचे कापले, कधी हात थरथरला नव्हता."

बाई लिहीत होत्या. काका थांबले नाहीत. वाईट दिवशी घास भरवावा लागतो, हे सांगितलं. मैत्रिणी यायच्या बंद झाल्या, कारण ती दहा मिनिटांत डोळे मिटून घेते आणि त्यांना अपमान वाटतो, हे सांगितलं. कधी कधी संडासापर्यंत रांगत जाते, तेही सांगितलं. तेव्हा भिंगरीचे खांदे किंचित आकसले. काकांनी ते पाहिलं, आणि तरी बोलत राहिले.

"शेवटचा रकाना," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "सुधारणेची शक्यता. 'आहे' लिहिलं तर दाखला मिळत नाही, वर्षभराने पुन्हा अर्ज. 'नाही' लिहिलं तर कायमचा दाखला. रिपोर्टांवरून मला काही कळत नाही, काका. तुम्ही रोज बघता. तुम्हाला काय वाटतं?"

दर रविवारी केसांवर पाणी ओतताना काका म्हणायचे, "पुढच्या जूनला शाळेत असशील बघ." चार जून गेले. म्हणायचे आणि पाणी ओतायचे. आपल्याला खरंच तसं वाटतं का, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता बाईंचं पेन थांबलं होतं. दाखल्यासाठी एवढं एक खोटं बोलून टाकू, असं मनाशी धरून त्यांनी तोंड उघडलं.

"नाही," ते म्हणाले. "नाही होणार ती बरी."

आणि शब्द बाहेर पडता पडताच त्यांना कळलं, की हे खोटं नाही. कितीतरी दिवसांपासून आपल्याला हे माहीत आहे.

शिक्का बसला. कारकून भला माणूस, उठून म्हणाला, "अभिनंदन काका! सुटलात एकदाचे." काकांनी त्याला हात जोडले. दुसरं काय करणार?

बाहेरच्या बाकावर भिंगरी आडवी झाली. टॅक्सी सांगितली होती.

"बाबा."

"काय गं राणी?"

"शेवटचं ते... दाखल्यासाठीच म्हणालात ना?"

हो म्हणायचं होतं. नुसतं हो. काकांनी ओठ हलवले, पण आवाज फुटेना. तिने चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लावला.

"बरी होईन असं मला स्वतःला कधीचं वाटेनासं झालंय," ती थांबत थांबत म्हणाली. "पण तुम्ही म्हणता म्हणजे असेल काहीतरी, असं धरून मी चालले होते."

काकांचा बांध फुटला. त्यांनी तोंडावर रुमाल दाबला, तरी हुंदका बाहेर आलाच. समोर रांगेतल्या माणसांनी माना फिरवल्या.

"रडू नका ना बाबा," भिंगरी म्हणाली. "मला आत्ता उठून तुम्हाला जवळ घेता येणार नाही."

"नाही, नाही रडत," काका म्हणाले. "गाडी आली का बघतो हं." आणि ते दाराबाहेर, तिला दिसणार नाही अशा जागी जाऊन उभे राहिले. गाडी यायला अजून वीस मिनिटं होती.