पुसलेला हिरवा डाग

हातमोज्याच्या अंगठ्यावर तो कण अजून चिकटलेला होता — मोहरीहून जरा मोठा, राखाडी, एका कडेला किंचित चकाकणारा... आणि त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून मार्लिस गेला तासभर नेमकी त्याच्याकडेच बघत होती. खडा असेल. हाडाची कपची असेल. हाड राखाडी असतं का पण? असेल बाई, एखादं असेल. समोर फळीच्या फटीतून कॅमेऱ्याची लांब नळी बाहेर गेलेली, पलीकडे बर्फ, बर्फात खुंटीला बांधलेलं मेलेलं हरीण, आणि हरणावर ती — सोनेरी गरुडाची मादी. वीस पावलांवर!

मिनेसोटाच्या या टेकड्यांत तीस हिवाळे मार्लिस पक्षी टिपत आली. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी संपल्यावर तर तिला दुसरं कामच उरलं नाही. पण वीस पावलांवर सोनेरी गरुड? कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. तळ्यावर बर्फ फोडून मासे धरायला बसतात तशी ही जुनी लाकडी खोपटी, खाली घसरपट्ट्या असलेली. तेच तिचं लपण. आधी साठ पावलांवर होतं. तीन दिवसांनी चाळीसवर ओढलं, मग वीसवर. दर वेळी वाटलं, आता गेली ती, परत येत नाही. आणि दर वेळी ती आली. मार्लिसनं मनाशी म्हणूनही टाकलं होतं, की बाईसाहेबांचा विश्वास बसला आपल्यावर.

विश्वास... रोज सकाळी तिला फसवायचं आणि तिनं विश्वास ठेवायचा! खोपटीत दोघांनी यायचं, मार्लिसनं आणि तिच्या नवऱ्यानं, व्हर्लिननं. आणि थोड्या वेळानं एकट्या व्हर्लिननं, पक्ष्याला दिसेल असे हात हलवत, परत जायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. माणूस आला, माणूस गेला, खोपटी रिकामी, एवढंच त्याला कळतं. म्हणून तर व्हर्लिन यायचा. अडतीस वर्षांच्या संसारात ज्यानं तिच्या पक्ष्यांकडे ढुंकून पाहिलं नाही, तो या हिवाळ्यात न सांगता उठत होता, कॉफीचा थर्मास भरून देत होता, खोपटी ओढत होता. तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं होतं.

पण का आला असेल तो?

डिसेंबर अख्खा कोरडा गेला होता. गरुडांना आमिष म्हणून ठेवायला गाडीखाली आलेलं हरीण मिळेना, आणि बंदुकीनं मारलेलं मार्लिसला चालत नव्हतं. शिशाची गोळी आत फुटते, तिचा चुरा मांसात पसरतो, तो गरुडाच्या पोटात गेला की संपलं. हे तिनं व्हर्लिनला शंभरदा तरी सांगितलं असेल. तांब्याच्या गोळ्या आण म्हणून मागे लागली होती. तो हसायचा. "माझा बाप याच गोळ्यांनी मारलेलं खाऊन नव्वदीपर्यंत जगला. तुझे गरुड फारच नाजूक बुवा." आणि मग अकरा दिवसांपूर्वी हे हरीण घेऊन आला. गाडीनं उडवलेलं, दगडखाणीच्या वळणावर सापडलं म्हणाला. काल रात्री जेवताना मात्र पुलाजवळ म्हणाला. खाण कुठे, पूल कुठे! तिनं बटाटे पुढे सरकवले आणि विषय काढला नाही. माणूस विसरतो. सत्तरीला आला तो.

आज सकाळी हरणाची दोरी घट्ट करताना, खांद्याच्या मांसात, हा कण बोटाला लागला. व्हर्लिन शेजारीच उभा होता, टेकडीकडे तोंड करून.

"काय गं, काय सापडलं?"

"काही नाही. खडा."

इतक्या पटकन कसं आलं तोंडातून? आणि त्यानं वळून पाहिलंही नाही. खड्यासाठी विचारायचं काय कारण होतं त्याला... आणि तेव्हाच, दोघं एवढी जवळ असताना, ती गरुडमादी रोजच्यासारखी उडून ओकच्या झाडावर गेली नाही. नुसती चालत बाजूला झाली, पाच-सहा पावलं, पंख जरासे ओघळलेले, म्हाताऱ्या बाईची शाल खांद्यावरून घसरावी तसे. मार्लिसला तेव्हाही वाटलं होतं, किती माणसाळली!

तिनं हातमोजा काढला. कणावर नख दाबलं. नखाची खूण उठली, लोण्यात उठावी तशी. खड्यावर उठत नाही.

अगं, पण याचा अर्थ व्हर्लिन खोटं बोलला असा होत नाही. दुसऱ्याच कुणाची गोळी असेल. हरीण जखमी होऊन पळालं असेल, मग गाडीखाली आलं असेल. होतं असं. पोट भरलं की गरुड जड होतो, उडायचा कंटाळा करतो, हेही खरंच आहे... पण हे कुणी सांगितलं आपल्याला? व्हर्लिननंच. आठव्या दिवशी. न विचारता.

आणि तो डाग? परवा तिनं सगळ्यात चांगला फोटो निवडला होता, गावच्या वाचनालयात लावायला. मादी सरळ भिंगात बघतेय, डोळ्यात खोपटीसुद्धा दिसतेय. फक्त शेपटीखालच्या बर्फावर एक हिरवा डाग होता, घाणेरडा, हिरवागार. शोभत नव्हता. तिनं संगणकावर तो पुसून टाकला, पांढऱ्यावर पांढरं फिरवून. गरुडाची विष्ठा पांढरी असते. हिरवी होते ती शिसं अंगात भिनल्यावर, हे तीस वर्षांत तिला माहीत नव्हतं थोडंच! माहीत होतं. फोटो सुंदर होता, म्हणून माहीत नव्हतं.

आजच्या आज धरलं तर वाचेल. शहरात पक्ष्यांचं इस्पितळ आहे, तीन तासांवर. एक फोन केला की माणसं जाळं घेऊन येतील. रक्त तपासतील, शिसं निघेल. मग विचारतील, हरीण कुणी आणलं, कुठून आणलं. आणि व्हर्लिनला उत्तर द्यावं लागेल, तिच्यासमोर. माझ्यासाठी आणलं असेल त्यानं. महिनाभर माझं तोंड उतरलेलं बघवलं नसेल... हे तर जास्तच वाईट. यावर रागावायचं तरी कसं?

ती उठली. कॅमेरा तिथेच राहू दिला आणि दार उघडलं, मुद्दाम, करकर वाजवत. धडधाकट गरुड असता तर एव्हाना टेकडीपलीकडे गेला असता.

मादीनं मान वळवली.

एक पाऊल. दुसरं. बर्फ करकरला. तिसरं. गळ्याखालची पिशवी फुगलेली दिसतेय का? खाऊन जड झाली असेल? इथून कळत नाही. चौथं, पाचवं. आयुष्यभर जरा जवळ, अजून जरा जवळ म्हणून धडपडलेली बाई, आणि आता एकच मागणं उरलं होतं, की भी मला. "ऊठ," ती म्हणाली, आवाज तिचा तिलाच ओळखू येईना, "ऊठ, बाई, ऊठ ना गं."

वर रस्त्याच्या कडेला पिकअप उभी होती. व्हर्लिन गेलाच नव्हता. गाडीबाहेर उभा राहून तो खाली बघत होता. रोजच्यासारखा हात त्यानं हलवला नाही. एरवी एवढ्या लांबून ती त्याची नुसती उभं राहायची ढब पाहून मन ओळखायची. आज ओळखता येईना.

पक्षी उडाला तर व्हर्लिनला काही विचारावं लागणार नाही, हे तिच्या मनात आलं, आणि आपण ते 'ऊठ' पक्ष्यासाठी म्हणत नव्हतो हेही. तिनं कण मुठीत धरला आणि सहावं पाऊल टाकलं. मादी तिच्याकडे बघत होती, आणि वरून व्हर्लिनही.