कोंडवाड्याचं कुलूप

"खुर्शीदताई, बाकी सारं राहू दे, पयले हे पाय." ग्रामपंचायतीचा शिपाई दयाराम याने भलंमोठं लोखंडी कुलूप टेबलावर आदळलं. "कोंडवाड्याचं हाय. किल्ली फिरूनच नाई राह्यली. आन् तठी अकरा बकऱ्या उभ्या हायेत."

खुर्शीदने मोबाईल पालथा ठेवला. पुण्याहून आलेली मेल ती सकाळपासून तिसऱ्यांदा वाचत होती. बारा वर्षांपूर्वी तिने पुण्यातल्या एका संस्थेत शांतता अभ्यासाची फेलोशिप केली होती. नऊ महिने. जिल्ह्यातून ती एकटीच निवडली गेली होती. पुढे दिल्लीला जायचं ठरत होतं, तेवढ्यात अब्बांना अर्धांगवायू झाला. फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान बंद पडायला आलं म्हणून ती महिनाभरासाठी वडनेर भोलजीजवळच्या या गावात परतली. तो महिना अजून संपायचा होता.

संस्था दरवर्षी जुन्या फेलोंची खबरबात छापायची. गेल्या अंकात जयमाला जिनिव्हात होती, नौमान दिल्लीत प्राध्यापक झाला होता. त्यांचे फोटो पाहून खुर्शीदला मनापासून आनंद व्हायचा आणि मग हातातला पाना उगाच जड वाटायचा. हुद्दा, संस्था, कामगिरी असे तीन रकाने भरून पाठवायचे असत. तिने एकदाही पाठवले नव्हते. आज शेवटचा दिवस होता आणि याही वर्षी मेल पुसून टाकायची हे तिने जवळजवळ ठरवलं होतं.

"कोनाच्या बकऱ्या?" तिने विचारलं.

"रुखमाबाईच्या. रामरावच्या पऱ्हाटीत घुसल्या. रामरावनं स्वतः हाकलत आनल्या कोंडवाड्यात. आता म्हनते कुलूप लावा, मंग मी पोलिसात जातो."

कुलूप दुरुस्त करून दिलं तर प्रकरण पोलिसात जाणार हे खुर्शीदच्या लक्षात आलं. मग आयुष्यभर धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लावून शेती करणारी ही दोन घरं नांदुऱ्याच्या कोर्टात तारखा मोजणार. तिने कुलूप उचलून मांडीवर घेतलं, पण तेलाच्या बुधलीला हात लावला नाही.

तेवढ्यात रामराव आलाच. पाठोपाठ सत्तरीची रुखमाबाई, धापा टाकत.

"ताई, कुलूप झालं का? आन् माहा पंपही दे. उद्या फवारा मारायचा हाय."

"फवारा कायले?" रुखमाबाई कडाडली. "फेब्रुवारी लागला, गावानं पऱ्हाट्या उपटल्या, आन् हा फरदड धरून बसला!"

फरदड म्हणजे वेचणी संपली तरी कपाशीची पऱ्हाटी न उपटता, विहिरीचं पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायची. बीटीचं बियाणं आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, बोंडअळीचा निकाल लागला. निकाल लागला तो कपाशीचा. गेल्या हंगामात गुलाबी अळीने अर्धी बोंडं आतून खाल्ली. आता शेत मोकळं ठेवून तिला उपाशी मारायची, एवढाच उपाय हातात होता. रामरावच्या शेतात मात्र तिची पंगत अजून उठली नव्हती.

"बसा दोघंही," खुर्शीद म्हणाली.

दुकानाचा एक नियम गावाला माहीत होता. भांडण घेऊन आलेल्याने आपलं गाऱ्हाणं सांगायचंच नाही. समोरच्याचं सांगायचं, आणि समोरचा 'हाव' म्हणेपर्यंत सांगत राहायचं. तोवर खुर्शीदचा पाना हलत नसे. पुण्यात शिकवलेल्या गोष्टींतली ही एकच तिच्या हाताशी टिकली होती, बाकीची पुस्तकं ट्रंकेत होती.

"रामरावभाऊ, मावशीचं गाऱ्हानं सांगा."

"तिचं कायचं गाऱ्हानं? तिले माह्यं बरं पाहवत नाई."

रुखमाबाईने मान हलवली. "नाई."

"तिले वाटते, बकऱ्याले फुकटचा चारा भेटावा."

"नाई."

रामरावचा आवाज चढला. "मंग तूच सांग ना, काकू!"

नियम रुखमाबाईलाही ठाऊक होता. तिने पदराची गाठ सोडली आणि त्याच्याच शेतातली तीन बोंडं टेबलावर ठेवली. बाहेरून हिरवीगार, टवटवीत. एकेक तिने अंगठ्याने फोडलं. तिन्हींत अळी होती, गुलाबी, चांगली पोसलेली.

रामरावने एक बोंड उचलून जवळून पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "माह्या वावरातली अळी हिच्या वावरात जाते. औंदा हिले हाती काईच लागलं नाई. जून लागला का हे पुन्हा सरकी टोबन, आन् माह्यी अळी पुन्हा खाईन. हे एकटी हाय. कितीक डाव टोबन?"

"हाव," रुखमाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"मावशी, आता तुमी."

"याचं मले ठाऊक हाय." रुखमाबाईने डोळे पुसले. "याच्या बापानं कवाच हिरवं झाड उपटलं नाई. यानंही नाई. उभ्या हिरव्याले हात लावाले याचा जीव होत नाई. लालूच नाई हो त्याले. आन् मी बकऱ्या सोडल्या, न इचारता सोडल्या. माह्या लेकासारखा हाय, इचारलं असतं त काय झालं असतं?"

"हाव," रामराव म्हणाला.

खुर्शीदने कुलूप बाजूला ठेवलं. "भाऊ, हिरवं तुमाले उपटवत नाई. मंग बकऱ्याईलेच खाऊ द्या ना. पाला खातीन, किडकी बोंडं खातीन. मांगं नुसत्या काड्या राहतीन. काड्या उपटाले त जीव होईन?"

रामरावने तिच्याकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. "आठ दिवस चारून घे, काकू. मंग मी काड्या उपटाले चिमटा लावतो. तुह्या चुलीले काड्या तूच ने."

"आन् तू जेवाले ये," रुखमाबाई म्हणाली. आज्ञाच होती ती. दोघं बकऱ्या सोडवायला एकत्रच गेले. फवाऱ्याचा पंप न्यायचं रामराव विसरला, की त्याने मुद्दाम ठेवला, कोण जाणे.

दयाराम मात्र हटेना. "ताई, मले त कुलूप लागतेच. सरपंच इचारतीन."

"हे शेवटचं कवा उघडलं होतं?"

दयारामने डोकं खाजवलं. "तू पुन्याहून आली ना, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात. त्याच्यापयले रोज कोनाचं ना कोनाचं जनावर असे आतमंदी. दोन डाव त काठ्या चालल्या. मंग कोनी आनलंच नाई. लोक पयले तुह्याच दुकानात येतात. गंजनार नाई त काय?"

बारा वर्षं खुर्शीदने पंप मोजले होते, वायसर मोजले होते. हे कधी मोजलंच नव्हतं. तिने बाजूला ठेवलेलं कुलूप पुन्हा हातात घेतलं.

मग तिने मोबाईल सुलटा केला. हुद्दा: पंप मेकॅनिक. संस्था: अब्बांचं दुकान. तिसऱ्या रकान्यापाशी ती थांबली नाही. कामगिरी: आमच्या गावच्या कोंडवाड्याचं कुलूप गंजलं. कुलुपाचा फोटो काढून जोडला आणि पाठवून दिलं.

"अवं ताई, कुलूप!" दयाराम म्हणाला.

"हे राहू दे माह्यापाशी. तू नुसती कडी लाव. पुरते."

"आन् कडीत काय घालू?"

"घाल काईबी."

पंधरा दिवसांनी खुर्शीद कोंडवाड्यावरून चालली होती. आत कुणाच्या तरी कोंबड्या निवांत माती उकरत होत्या. दाराला कडी होती, आणि कडीत दयारामने रामरावच्या शेतातली पऱ्हाटीची एक काडी खोचली होती.