लाल भुसा, पिवळा कोंडा

शी! चार दिवस झाले, मक्याच्या पावाचा एक घास घशाखाली उतरलेला नाही माझ्या. आणि या सगळ्या घाणीचं खापर मी ऑर्व्हलच्या डोक्यावर फोडलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

ऑर्व्हल म्हणजे टेकडीपलीकडचा माझा शेजारी. शाळेपासून ओळखते त्याला, तेव्हाही शर्टाच्या बाहीला नाक पुसायचा. आता टर्की पाळतो. रोज दहा-वीस मरतात, त्या ढकलगाडीत भरून आपल्या डबऱ्यात ओततो. आमच्या या डोंगरात प्रत्येकाच्या रानात असं एक डबरं असतंच. जमीन खचते, खाली गुहेपर्यंत तोंड उघडतं, आणि आत टाकलेलं परत कधी दिसत नाही. पणजोबांपासून सगळे त्यातच टाकत आलेत. मेलेली गाय, फुटके डबे, गंजकी तार, सगळं. दिसेनासं झालं की विषय संपला.

माझ्या घरामागे गुहा आहे आणि तिच्या तोंडातून झरा येतो. त्या पाण्यावर मी वाढले, माझी लेक जोलीन वाढली. नवरा तेलाच्या विहिरीवर कामाला गेला म्हणून जोलीन दोन महिन्यांपूर्वी सात महिन्यांच्या टेसीला घेऊन माझ्याकडे आली. येताना दुधाची पावडर कालवायला दुकानातल्या पाण्याचे कॅन घेऊन आली. मी ते सगळे कुत्र्याच्या भांड्यात ओतले.

"आई, मग निदान उकळून तरी घे गं," जोलीन म्हणाली.

"झऱ्याचं पाणी आणि उकळून? तुला काय उकळून पाजलं होतं? चांगली घोडी झालीस की!"

तीन आठवड्यांपूर्वी टेसीला हगवण लागली. थांबेचना. त्याच सुमाराला पाण्याला कुबट वास यायला लागला आणि घागरीवर बांधलेल्या फडक्यात चिकट, पारदर्शक दाणे उरायला लागले, शिजलेल्या साबुदाण्यासारखे. बोटानं चिरडले की शेंबडासारखे पसरायचे. मी म्हटलं, त्या मेल्या टर्कींच्या पोटातलंच असणार काहीतरी. फडकं दुहेरी केलं आणि तेच पाणी देत राहिले. मागे हटायची सवय नाही ना मला!

पोरीचे डोळे खोल गेले, रडायचंही थांबली, तेव्हा जोलीननं तिला उचललं आणि शहरातल्या दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. रविवारी मी चर्चमध्ये प्रार्थना संपायच्या आत उभी राहिले.

"या घाणेरड्यानं माझी नात मारायला घेतलीय! ह्याच्या सडक्या टर्की माझ्या झऱ्यात येतात!"

ऑर्व्हल सावकाश उठला. "सिद्ध करून दाखव, व्हेल्डा. म्हातारी माणसं करायची तसं. माझ्या डबऱ्यात तांबड्या देवदाराचा भुसा टाकू, तुझ्या डबऱ्यात ओटचा कोंडा. तुझ्या झऱ्यातून काय बाहेर पडतं ते बघू."

"माझ्या डबऱ्याचा काय संबंध?"

"नाही ना? मग घाबरतेस कशाला?"

"घाबरतंय माझं खेटर!"

सोमवारी दोघांनी सगळ्यांदेखत पोती रिकामी केली. गुहेच्या तोंडाशी, पाण्यात, मी जुनी चादर आडवी बांधली. मंगळवारी काहीच नाही. बुधवारी दुपारी ऑर्व्हल आला. आम्ही दोघं वाकून बघत होतो तेवढ्यात चादरीवर पिवळं काहीतरी साचायला लागलं. कोंडा. माझा ओटचा कोंडा, मूठ-मूठभर.

लाल एक कण नाही.

मी हातानं कोंडा बाजूला केला. त्यात तेच चिकट दाणे होते. आणि दाण्यांना चिकटलेला प्लॅस्टिकचा एक तुकडा, त्यावर पिवळी बदकं.

टेसीच्या डायपरवरची बदकं. दाणे म्हणजे त्याच डायपरच्या आतली, ओल शोषून फुगलेली पूड. जाळले की घाण वास सुटतो म्हणून रोज संध्याकाळी टोपली भरून मीच डबऱ्यात टाकत होते. पोरीचीच घाण, दोन महिने, गुहेतून फिरून परत तिच्याच बाटलीत. आणि ढवळून पाजत होते मी, माझ्या हातानं, लाडानं बोलत. मी तिथेच खडकावर भडाभडा ओकले.

ऑर्व्हल हसेल असं वाटलं होतं. तो पांढराफटक पडला होता.

"माझा भुसा सकाळी निघाला," तो म्हणाला. "बाप्तिस्म्याच्या डोहात. मागच्या महिन्यात पाद्र्यानं अकरा जणांना बुचकळून काढलंय त्यात. माझ्या बायकोलासुद्धा."

तो चादरीची गाठ सोडवायला लागला. मग म्हणाला, "जोलीनला सांग, माझंच होतं म्हणून. तू गावभर केलंच आहेस. अजून एकीनं मानलं तर मला काय फरक पडतो?"

आणि देवा, मला ते पटायला लागलं! मनात वाक्यसुद्धा जुळवलं मी. त्या ओकारीपेक्षा मला त्या वाक्याचीच जास्त किळस आली.

घरात फोन वाजत होता. जोलीनच होती.

"आई, टेसीनं आज सगळी बाटली संपवली! डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही. तिकडे कळलं का काही? ऑर्व्हलकाकाचंच निघालं ना?"

दाराशी ती टोपली तशीच पडली होती.

"नाही गं. आपल्याच डबऱ्यातलं. टेसीचे डायपर. मी टाकायचे."

फोनमध्ये मागे टेसी कसला तरी खुळखुळा आपटत होती. मी म्हटलं, शिव्या दे, ओरड माझ्यावर.

"आई," ती म्हणाली, "आम्ही इथूनच टेसीच्या बाबाकडे जातोय. टेसीचे कपडे तिथेच राहिलेत, ते पाठवशील?"

"लगेच धुऊन पाठवते, बाळा."

"नको," ती म्हणाली. "तू धुऊ नकोस. तसेच पाठव."