गालाला टेकलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापड कापणारी मोठी नव्हे. शिवणीचे धागे कापायची, बोटभर लांबीची. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे का, याची मलाच खात्री नाही. पण आमच्या शिंपी मास्तरांच्या दाताविषयी माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, म्हणून धीर करून सांगते.

मास्तरांनी मला हौसेने विकत आणलं, तेव्हा मी नुसती लखलखत होते. पण त्यांना एक खोड होती. शिवण संपली की ते धागा दातानेच तोडत. उजवीकडचा, सुळ्यामागचा दात. कट्ट! आणि मी मशीनच्या खणात, बटणांच्या गर्दीत. त्या दाताचा मी किती वर्षं हेवा केला म्हणून सांगू! मास्तरांच्या बायकोला सगळे काकू म्हणतात. त्या टोमणा मारत, "अहो, ती कात्री काय शोभेला आणलीय?"

शेवटी तो दात चिरला, ठणकू लागला आणि दातांच्या डॉक्टरांनी काढून टाकला. त्यांच्या सूचना काकूंनी दुकानात तीनदा म्हणून दाखवल्या. "गोळ्या पाच दिवस. बरं वाटलं तरी पाच! उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या. आणि तोंडात भलतंसलतं काही घालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला खणातून काढलं. खरं सांगते, दात गेल्याचा मला आनंद झाला. त्याची आजही लाज वाटते.

धागे मी कापत होते. पण सुईत ओवायचा दोरा मास्तर अजूनही तोंडातच ओला करत. दुखायचं थांबलं म्हणून तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्याही बंद केल्या. पाचव्या दिवशी गाल सुजला. मास्तर रुमाल बांधून बसले.

"वारा लागलाय जरा," ते काकूंना म्हणाले.

काकू वळताच त्यांनी मला उचलून गालाला टेकवलं, गार वाटावं म्हणून. मित्रांनो, तो गाल तव्यासारखा तापला होता! ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला दोन पाती आहेत, जीभ नाही.

तेवढ्यात काकू परत फिरल्या. मला घाईघाईने लपवताना मी मास्तरांच्या हातून निसटले आणि खणकन काकूंच्या पायाशी पडले. त्यांनी मला उचललं.

"अहो, ही गरम कशी? इस्त्री तर बंद आहे."

मास्तरांनी रुमाल आणखी घट्ट ओढला. काकूंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"गोळ्या घेतल्या ना सगळ्या?"

"दोन दिवस घेतल्या. मग दुखत नव्हतं ना!"

"गिऱ्हाइकाच्या मापात अर्धा इंच सोडत नाही, आणि गोळ्यांत तीन दिवसांची सूट? उठा. चपला घाला."

काकूंच्या बोलण्यातून मला नंतर कळलं, डॉक्टरांनी जखम धुतली, तेव्हा आत निळा धागा सापडला. शिवायला घेतलेल्या गणवेशाचा! "आणखी थांबला असता, तर सूज गळ्यापर्यंत उतरली असती," डॉक्टर म्हणाले.

चार दिवस दुकान बंद होतं. मशीनवर पडल्या पडल्या मी एकच घोकत होते. मास्तर येऊ देत, मग हवं तर मला पुन्हा बटणांत टाकू देत.

मास्तर आले. काकूंनी स्वतः शिवलेली फीत मला बांधून त्यांच्या गळ्यात अडकवलं आणि दोरा ओला करायला पाण्याची वाटी ठेवली.

"फितीचा टाका वाकडा आलाय," मास्तर म्हणाले.

"मग दाताने उसवा!" काकू म्हणाल्या.

मित्रांनो, मला तेलाचा थेंब मिळाला नाही तरी चालेल. पण तुमचं काही दुखत असेल, तर ते रुमालाखाली झाकू नका. घरात कुणाला तरी सांगा. दर वेळी हातातून कात्री पडेलच, असं नाही.